वाट चालती राहावी म्हणून : फ्रान्सच्या खेड्यांतील माउंटन बायकिंग
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि सायकलप्रेमी मित्रहो,

‘फ्रान्समधील माउंटन बायकिंगचे मार्ग : आखणी, खुणा आणि शिस्त’ असा आजचा विषय पत्रिकेत छापला आहे आणि त्या तिन्ही गोष्टींवर मी बोलणार आहे. मात्र आधी एक खुलासा करतो. आल्प्स पर्वतातल्या मोर्झीन किंवा ले जे या गावांतील बाइक पार्कची दृश्ये तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. तिथे सायकल चेअरलिफ्टने वर न्यायची आणि बांधीव वळणांवरून खाली सोडायची, असा प्रकार असतो. ते मार्ग सायकलसाठीच बांधलेले आहेत आणि त्यांची देखभाल तिकिटाच्या उत्पन्नातून होते, म्हणून त्यांची मला काळजी वाटत नाही. मला काळजी वाटते ती उरलेल्या फ्रान्सची, म्हणजे ज्या गाडीवाटा, मेंढवाटा आणि रानवाटा शेतकऱ्यांनी व धनगरांनी शतकानुशतके तुडवून तयार केल्या आणि ज्यांवरून आज आपण सस्पेन्शनवाल्या सायकली फिरवतो त्या वाटांची.

मासिफ सांत्राल या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशातून जाणारा मोठा मार्ग पाहा. मोरव्हाँ या डोंगराळ भागातल्या अव्हालों गावापासून भूमध्य समुद्राकाठच्या काप दाग्दपर्यंत सुमारे 1,380 किलोमीटरचा हा मार्ग आहे. तो शांत ज्वालामुखींच्या प्युई पर्वतरांगेजवळून जातो, 1,567 मीटर उंचीच्या एग्वाल शिखरावर चढतो, नाव्हासेलच्या खोल गोलाकार दरीत उतरतो आणि शेवटी सालागू तलावाच्या तांबड्या मातीतून समुद्राकडे वळतो. त्याचा कणा मात्र जुन्याच वाटांचा आहे. सेव्हेन डोंगरात त्यांना ‘द्राय’ म्हणतात. उन्हाळा लागला की मेंढ्यांचे कळप या वाटांनी माळावर चढत आणि थंडीआधी खाली उतरत. हा पशुपालनाचा प्रदेश 2011 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. एग्वालच्या आसपासच्या धारेवर एखादी द्राय लागली की चाकाला ते लगेच कळते. खुरांनी झिजलेला दगड, दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती आणि मेंढरू धापा टाकणार नाही इतकाच चढ तिथे असतो. आजच्या कोणत्याही ट्रेल-बांधणाऱ्याने इतकी समजूतदार चढण क्वचितच आखली असेल.

या वाटा कोणाच्या? 7 जानेवारी 1959 च्या अध्यादेशाने गावांच्या रस्त्यांची विभागणी केली. एका भागात गावाचे सार्वजनिक रस्ते आले आणि दुसऱ्या भागात ‘शमाँ र्‍युराल’, म्हणजे ग्रामीण वाटा आल्या. ग्रामीण वाट ही कम्यूनच्या, म्हणजे गावाच्या, खासगी मालमत्तेत मोडते, परंतु ती लोकांच्या वापरासाठी खुली असते. आपल्याकडच्या पाणंदीसारखीच तिची अवस्था असते. नकाशावर ती आहे, पण शेजारच्या शेतकऱ्याचा नांगर दरवर्षी थोडा थोडा आत येतो. तिची देखभाल करणे कम्यूनवर बंधनकारक नाही. लोकांनी वापर सोडला तर सार्वजनिक चौकशी करून कम्यून ती विकू शकते, आणि एखाद्याने तीस वर्षे निर्वेध ताबा ठेवला तर तो मालकीही सांगू शकतो. उलट, लोक त्या वाटेने जात राहिले तर ती लोकांच्या वापराची आहे असे कायदा गृहीत धरतो. हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते, कारण याचा अर्थ असा की तिथे सायकल घेऊन जाणारा प्रत्येक जण त्या वाटेच्या बाजूने साक्ष देत असतो.

आता एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यातूनच तयार झाले आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे क्लेरमाँ-फेराँला राहत होतो. मिशलँ टायर कंपनीचे हे गाव. सायकलच्या चाकावरून सहज काढता येणारा हवेचा टायर याच कंपनीने 1891 मध्ये आणला, हे जाता जाता सांगून ठेवतो. शहराच्या वायव्येला कोंब्राय नावाचा प्रदेश आहे, जिथे झुडपांच्या जिवंत कुंपणांनी शेते वेगळी केलेली आहेत. तिथल्या दोन वस्त्यांना जोडणारी एक वाट माझ्या विशेष आवडीची होती. ती जमिनीपेक्षा पुरुषभर खोल गेलेली होती, वर दोन्हीकडचे हेझेल आणि ओक एकमेकांना भिडलेले होते, तळाशी ओला पाचोळा आणि त्याखाली निसरडा दगड होता आणि शेवटी एका ओढ्याचा उतार होता. पुढचा ब्रेक दाबला की घसरणार हे ठरलेले, म्हणून वजन मागे टाकून, मागचा ब्रेक अलगद धरून सायकल सोडायची.

एका सप्टेंबरात त्या वाटेच्या तोंडाशी विजेची तार लावलेली आढळली. पलीकडे गवताचे गोल भारे रचलेले होते आणि शंभरएक पावलांनंतर वाटच नव्हती. कुंपण मुळासकट उपटून, खोलगट भाग मातीने भरून, तिथे एकसलग शेत केलेले होते. युद्धानंतरच्या दशकांत सरकारी जमीन-एकत्रीकरणाने अशी कुंपणे आणि वाटा मोठ्या प्रमाणावर पुसल्या, हे मी वाचून होतो, परंतु ते आपल्या काळातही चालू आहे हे तिथे उभे राहून पाहिले तेव्हा मला संताप आवरला नाही.

गावचे कार्यालय आठवड्यातून दोनच दिवस उघडे असे. तिथल्या सचिव बाईंनी जमिनीचा नकाशा टेबलावर पसरला. शेतांच्या तुकड्यांना क्रमांक असतात आणि ग्रामीण वाटेला सहसा क्रमांक नसतो. दोन क्रमांकांच्या मधली ती कोरी पट्टी त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवली आणि म्हणाल्या, “म्हणजे गावाचीच आहे.” पुढे जिल्हा दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर मी नेपोलियनच्या 1807 च्या कायद्यानंतर झालेल्या मोजणीचा नकाशा काढला, तर त्यातही तीच पट्टी, तेच वळण आणि तोच ओढा होता. महापौर सज्जन गृहस्थ होते, पण शेतमालक त्यांच्या रोजच्या भेटीतला. मालकाचे म्हणणे एवढेच होते की, “इथून कोणीही जात नाही.”

मग आम्ही जाणारी माणसे शोधली. पलीकडच्या वस्तीतल्या एका आजीबाई त्या वाटेने शाळेत जात असत. स्थानिक पदभ्रमण मंडळाच्या जुन्या पत्रकात ती वाट छापलेली होती. आमच्या सायकल गटातील अनेकांकडे जीपीएसच्या नोंदी होत्या. ग्रामीण वाटेवर अडथळा आला तर महापौराने तो तातडीने दूर करावा, असा नियमच आहे, आणि आम्ही तो लेखी दाखवून दिला. बऱ्याच बैठकांनंतर कम्यूनने जमिनीची अदलाबदल मान्य केली. जुनी पट्टी मालकाला गेली आणि शेताच्या कडेने नवी वाट निघाली. फेब्रुवारी 2022 च्या कायद्यामुळे अशी अदलाबदल करता येते, पण त्याच कायद्यात वाटेचे सातत्य, तिची रुंदी आणि तिचे पर्यावरणीय मूल्य कायम राहिले पाहिजे, असेही म्हटले आहे. सातत्य राहिले, रुंदीही मिळाली, पण हेझेलचे कुंपण कोणी लावले नाही. आज तिथून सायकल जाते ती उघड्या उन्हातून, मक्याच्या कडेने. ही तडजोड मला आजही मान्य नाही, आणि आम्ही कुंपणाची अट ठरावात लिहून घेईपर्यंत हटायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून छापील विषयातला उरलेला भाग आता थोडक्यात मांडतो.

आखणीबाबत सांगायचे तर 1983 च्या कायद्याने प्रत्येक देपार्तमाँवर, म्हणजे जिल्ह्यावर, भ्रमणमार्गांचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकली. या आराखड्यात नोंदलेली ग्रामीण वाट विकायची असेल तर कम्यूनला पर्यायी वाट द्यावी लागते. म्हणून नवा सायकलमार्ग आखणाऱ्या मंडळांनी सगळ्यात आधी आपल्या वाटा या आराखड्यात आहेत का ते तपासावे.

खुणांबाबत एवढे लक्षात ठेवा की त्रिकोण आणि त्याला लागून दोन वर्तुळे ही फ्रेंच सायकलिंग महासंघाची खूण आहे आणि हिरवा, निळा, लाल, काळा या क्रमाने अवघडपणा वाढतो. लाल-पांढरे किंवा पिवळे पट्टे पदयात्रींसाठी असतात. त्या वाटांवर सायकल चालते की नाही हे स्थानिक नियमांवर ठरते, आणि चालत असली तरी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे.

शिस्तीबाबत तीन गोष्टी सांगतो. फ्रान्समधील सुमारे तीन चतुर्थांश जंगल खासगी मालकीचे आहे. फेब्रुवारी 2023 च्या कायद्यानुसार मनाईची पाटी स्पष्ट असताना खासगी रानात शिरणे दंडनीय झाले आहे. कुंपणांना आळा घालणाऱ्या कायद्यातच ही तरतूद यावी हे मला अन्यायाचे वाटते, पण पाटी दिसली की मागे फिरा. दुसरे, ढोबळमानाने सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. ऑक्टोबर 2018 मध्ये आल्प्समधील ओत-साव्हुआ जिल्ह्यात एक माउंटन बायकर शिकाऱ्याच्या गोळीने मृत्युमुखी पडला. त्या काळात भडक रंगाचा अंगरखा घाला आणि शिकारीचा हाका चालू असल्याची पाटी दिसली तर मार्ग बदला. तिसरे, विजेच्या मदतीची सायकल 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेत असेल तरच ती सायकल ठरते. त्यापुढे ती मोटारवाहन होते आणि रानातल्या मोटारवाहनांवर 1991 पासून कडक निर्बंध आहेत.

एक शेवटचे सांगायचे राहिले. 2022 च्या त्याच कायद्याने कम्यूनला आपल्या ग्रामीण वाटांची गणना करण्याचा ठराव घेता येतो आणि गणना चालू असताना ताब्याची तीस वर्षांची मुदत थांबते. पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्यांनी एखादी वाट बंद आढळली तर ‘स्युरिकात’ या नोंदणी सेवेवर छायाचित्र आणि जागेसह कळवावे, आणि त्या कम्यूनच्या कार्यालयाला दोन ओळींचे वेगळे पत्र लिहून या गणनेची मागणी करावी. पत्र फ्रेंचमध्ये लागते. त्याचा मसुदा मी प्रती काढून आणला आहे आणि तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.