तासिका, रुमाल आणि हळद

नमस्कार, श्रोतेहो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पीएच.डी.साठी मी हे रुमाल सोडत होते, तेव्हा लोकांना वाटायचं, मोडी वाचणं अवघड जात असेल. मोडी सरावानं येते हो. अडायचं ते घड्याळापाशी. दफ्तर उघडं असतं सरकारी वेळेत, आणि कॉलेजातल्या माझ्या तासिकाही नेमक्या त्याच वेळेत.

आठवड्याला तास सहाच. "सहाच तर तास, बाकी वेळ करतेस काय गं?" आत्या विचारायची. तिचं तरी काय चुकलं? वेळापत्रकात तसंच दिसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांतही संशोधकाला आठवड्याला ४ ते ६ तासांचं शिकवण्या-तपासण्याचं काम देता येईल, असंच आहे. पण नवा विषय असला की एका तासाच्या तयारीत तीन तास जातात. साठ पेपर तपासायचे म्हणजे शनिवार-रविवार गेलाच.

त्यात मोडीचं एक आहे. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. ते डोळ्यांत बसायलाच अर्धा तास जातो. कुठे अक्षर ओळखीचं वाटू लागावं, तर तासाला पळायची वेळ! दोन तासिकांच्या मधल्या फटीत मी वर्षभर दफ्तरात जात राहिले आणि हाती जेमतेम काही पानं लागली. शेवटी विभागप्रमुखांना गाठलं: सगळे तास सोमवार ते बुधवार लावा, एखाद्या दिवशी चार झाले तरी चालतील. कपाळाला आठ्या घातल्या त्यांनी, पण दिले. गुरुवार-शुक्रवार अख्खे मिळाले आणि प्रबंध हलला.

जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकांची शिष्यवृत्ती, मिळालेल्यांना महिना ३७ हजारांचा तरी आधार असतो. तासिका तत्त्वावरच्यांचं तसं नाही; सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. आणि मुलींनो, प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही. विचारा.

मावसबहिणीच्या हळदीला मी गेले नाही. शुक्रवार होता, दफ्तराचा दिवस. त्या दिवशी सोडलेल्या रुमालातला एकही कागद पुढे प्रबंधात आला नाही.