रोलरवरची गाडी आणि नागपूरचा मे महिना

मित्रहो, स्पोर्ट्स कार ट्यून करून आणली की लोक पहिल्यांदा विचारतात, ‘हॉर्सपॉवर किती वाढली?’ मी त्याच्याही आधीचा एक प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवणार आहे: तो आकडा कोणत्या हवेत मिळाला?

रोलिंग रोडवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्रावर, गाडी पट्ट्यांनी जमिनीला जखडतात आणि तिची चालणारी चाके रोलरवर ठेवतात. रोलरला विद्युत-चुंबकीय ब्रेक असेल, तर पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन ३००० किंवा ४००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) स्थिर धरता येते. रस्त्यावर हे शक्य नसते, आणि ट्यूनिंगचे खरे काम याच अवस्थेत होते. यंत्र मोजते तो टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले की किलोवॉट मिळतात.

आता इग्निशनकडे वळू. टर्बो नसलेल्या एका दोन आसनी गाडीचे इंजिन मी ४००० आरपीएमवर धरले होते आणि अ‍ॅडव्हान्स एकेका अंशाने वाढवत होतो, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या आणखी आधी ठिणगी पाडत होतो. आधी प्रत्येक अंशाला टॉर्क चढला, नंतर वाढ अगदी किरकोळ झाली, आणि पुढच्या दोन अंशांना आकडा जागचा हललाच नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून साधारण १५ अंश खाली उतरतो तेव्हा सिलिंडरमधला दाब शिगेला असावा लागतो. तो बिंदू साधल्यावर ठिणगी आणखी आधी पाडली, तर दाब वर येणाऱ्या पिस्टनलाच अडवतो आणि नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या धडक्यांना, आमंत्रण मिळते. म्हणून टॉर्क चढायचा थांबला की मी थांबतो आणि एक-दोन अंश मागे येतो. टर्बो इंजिनात तर पुष्कळदा टॉर्क शिगेला पोहोचण्याआधीच नॉकिंग सुरू होते. तिथे कान आणि नॉक सेन्सर दोन्ही जागे हवेत.

आपल्या शहराचा संबंध इथेच येतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. २५ अंशांच्या तुलनेत त्या हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी असते, म्हणजे सिलिंडरमध्ये प्राणवायूच कमी जातो. डायनोचे सॉफ्टवेअर दुरुस्तीचा गुणक लावून ही तूट कागदावर भरून काढते. तुलना करायला तो गुणक उपयोगी आहे, पण इंजिनला तो थंड करत नाही. टर्बो बूस्ट (दाबून भरलेल्या हवेचा दाब) राखून तूट काही अंशी आधीच भरून काढतो, त्यामुळे त्या गाडीचा दुरुस्त आकडा बऱ्याचदा फुगलेलाच असतो.

म्हणून माझा आग्रह असा की, जानेवारीच्या पहाटे मिळालेल्या सर्वोत्तम रनवर, म्हणजे रोलरवरच्या एका चाचणीवर, मॅप (इंजिनच्या संगणकातला ठिणगी आणि इंधनाचा तक्ता) कायम करू नये. समोर मोठा पंखा लावून, मध्ये विश्रांती न देता लागोपाठ तीन रन घ्यावेत आणि प्रत्येक वेळी इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान लिहून ठेवावे. हवा-इंधन मिश्रणाची नोंद लॅम्डामध्ये, म्हणजे प्रत्यक्ष हवा आणि पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा यांच्या गुणोत्तरात, घ्यावी. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, परंतु इथेनॉल मिसळले की हे प्रमाण उतरते. लॅम्डा मात्र इंधन बदलले तरी तोच अर्थ सांगतो. तिसऱ्या, सर्वांत तापलेल्या रनमध्येही नॉकिंग नसेल, तर मी तो मॅप सेव्ह करतो. पहिल्या रनपेक्षा आकडा कमी असला, तरी मालकाच्या हाती मी तिसऱ्याचाच कागद देतो, कारण भर दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर उभी राहून निघणारी गाडी त्याच अवस्थेत असते.