उताणे, पालथे आणि कुशीवर

श्रोतेहो, नमस्कार. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी सूचना काढली होती. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली उतरला तर 'प्रोनिंग' करा. आता प्रोन म्हणजे काय, तर पालथे. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर करायचे नाही, गरोदर बाईने तर मुळीच नाही. फुफ्फुसांचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणे पडून राहिले की तो दबतो, पालथे झाल्यावर तिथे हवा खेळते.

रोजच्या इंग्रजीत मात्र जमिनीवर नुसता आडवा पडलेला माणूससुद्धा 'प्रोन' म्हटला जातो, मग तो पाठीवर का असेना. गप्पांत हे खपून जाते, पण रुग्णाच्या खाटेशी खपत नाही. उताण्यासाठी तिथे 'सुपाइन' हा वेगळा शब्द आहे. तान्ह्या बाळाला उताणेच झोपवा, हे सांगायला अमेरिकेत १९९४ मध्ये मोठी मोहीम निघाली आणि झोपेतच अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत साधारण निम्म्यावर आले. म्हणून आईला नुसते 'बाळाला आडवे करा' सांगून भागत नाही. कसे आडवे करायचे, तेही सांगायला हवे.

मला मनापासून आवडते ते हे, की तळहात वर करण्याच्या हालचालीला शरीरशास्त्रात 'सुपिनेशन' म्हणतात आणि खाली करण्याला 'प्रोनेशन'. आपणही उताणा हात, पालथा हात असेच म्हणतो ना!

आडवे होण्याच्या इंग्रजी क्रियापदांचे, 'लाय' (lie) आणि 'ले' (lay) यांचे, थोडक्यात सांगते. आपण स्वतः आडवे होतो ते 'लाय', दुसऱ्या कशाला आडवे ठेवतो ते 'ले'. पंचाईत अशी, की 'लाय'चा भूतकाळही 'ले'च होतो. त्यामुळे जन्मभर इंग्रजी बोलणारेही 'ले डाउन' म्हणून जातात. 'रिक्लाइन' म्हणजे बहुधा मागे रेलणे, त्यात पूर्ण आडवे होणे येईलच असे नाही. दवाखान्याच्या कागदावर 'लेफ्ट लॅटरल' दिसले तर ती आपली डावी कूस.

परिचारिका भगिनींनो, आजीबाईंना 'सुपाइन व्हा' म्हणू नका. 'आजी, उताण्या व्हा' म्हणा, त्या लगेच होतील. कागदावर मात्र नेमका इंग्रजी शब्दच लिहा. छातीचा एक्स-रे झोपवून काढला असेल तर त्यावर 'सुपाइन' लिहिलेले असते. अशा फिल्ममध्ये हृदय उभ्याने काढलेल्या फिल्मपेक्षा मोठे दिसते. तेव्हा जुनी आणि नवी फिल्म शेजारी धरून 'हृदय वाढले की काय' म्हणून घाबरण्याआधी तो शब्द शोधा, आणि डॉक्टरांना विचारा.