शेवट ठाऊक असलेला सिनेमा

[दृश्य: अंधारलेलं थिएटर. पडद्याचा उजेड खुर्च्यांवर हलतोय. मागून हशा.]

बंगला आलिशान आहे, दिवाणखान्यातला सोफाही महागातला. त्या सोफ्यासमोर एक आजीबाई उभी आहे. पांढरे केस, फुलाफुलांचा ढगळ झगा, उंची जवळजवळ साडेसहा फूट. हातात झाडं तोडायची मोटारवाली करवत. अठरा वर्षं संसार केलेल्या नातीला नवऱ्याने घराबाहेर काढलंय, आणि आजीबाई तिचा अर्धा वाटा घ्यायला आल्या आहेत. अर्धा म्हणजे अर्धा. करवत सुरू होते.

ही मडीया. दक्षिण अमेरिकेतल्या नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय घरांत आजीला, मोठ्या बाईला ‘मा डिअर’ म्हणायची रीत आहे. जिभेवर घोळून घोळून त्याचंच ‘मडीया’ झालं. पडद्यावर ती साकारणारा मात्र एक पुरुष आहे, टायलर पेरी. याच सिनेमात मडीयाचा चावट भाऊ ज्यो तोच, आणि सरळमार्गी वकील ब्रायनही तोच.

‘डायरी ऑफ अ मॅड ब्लॅक वुमन’ फेब्रुवारी 2005 मध्ये आला. खर्च सुमारे 55 लाख डॉलर. पहिल्याच शनिवार-रविवारी गल्ला दोन कोटींच्या पुढे, आणि देशात पहिला नंबर. समीक्षकांनी मात्र त्याला धुऊन काढलं. रॉजर एबर्टसारख्या जाणत्या माणसाने चारपैकी एक तारा दिला. त्याची तक्रार ऐकण्यासारखी होती: एका दुखावलेल्या बाईची गंभीर गोष्ट चालू असताना मध्येच हे करवतवालं सोंग कशाला? चांगला सिनेमा या म्हातारीने नासवला.

त्यावर वाचकांची पत्रं आली. बरीच आली. त्यांच्या मते एबर्टला ही म्हातारी कळलीच नव्हती. अशी बाई आमच्या घरात आहे, निदान होती, असं त्यांचं म्हणणं.

[दृश्य: अटलांटा. जुन्या नाट्यगृहाचा दर्शनी भाग, रिकामी तिकीटखिडकी.]

भांडणाचं मूळ समजायचं तर सिनेमाच्या आधी नाटकाकडे जायला हवं. पेरी न्यू ऑर्लिन्सचा, जन्म 1969 चा. लहानपणी बापाचा बेदम मार खाल्लेला. इतका की सोळाव्या वर्षी त्याने बापाचं दिलेलं नाव टाकून दिलं. 1992 मध्ये अटलांटात साठवलेले 12 हजार डॉलर घालून त्याने पहिलं नाटक लावलं. शनिवार-रविवार मिळून प्रेक्षक आले तीसच्या आसपास. पुढची काही वर्षं अशीच गेली, काही रात्री तर गाडीत झोपून. 1998 मध्ये तेच नाटक एका जुन्या चर्चच्या इमारतीत झालं आणि बाहेर रांग लागली.

चर्चच्या इमारतीत रांग लागली, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांना गोऱ्यांच्या थिएटरांत मज्जाव होता. तेव्हा त्यांनी आपली वेगळी वाट पाडली: गावोगावचे क्लब, हॉल, छोटी नाट्यगृहं. डुकराच्या आतड्यांच्या, गरिबाघरच्या पदार्थावरून त्या वाटेला ‘चिटलिन सर्किट’ म्हणतात. पुढे याच वाटेवर गॉस्पेल, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांची, नाटकं आली. एक बिघडलेला संसार, एक नशेत बुडालेला मुलगा किंवा मुलगी, एक फाटक्या तोंडाची पण सोन्यासारखी म्हातारी, मध्ये मध्ये चर्चची गाणी, आणि शेवटी पश्चात्ताप. वर्तमानपत्रांना या नाटकांची खबरही नसायची. जाहिरात व्हायची ती चर्चमधून आणि ब्युटी पार्लरमधून. प्रेक्षक चर्चच्या बस भरून यायचे. पेरी त्यांचे ईमेल पत्ते जमवून ठेवत गेला. हॉलिवूडच्या साहेबांना हा प्रेक्षक अस्तित्वातच नाही असं वाटत होतं, तेव्हा याच्याकडे त्याची यादी तयार होती.

आता त्याचा साचा पाहा. सज्जन बाई. दगाबाज, पैसेवाला नवरा. हातावर पोट असलेला एक देखणा, देवभोळा पुरुष. ‘डायरी’त तो सामानाचा ट्रक चालवतो आणि पोलाद कारखान्यात काम करतो. मध्ये मडीयाचा धुडगूस. तिच्या पर्समध्ये पिस्तूल आणि जिभेवर बायबलची वचनं, तीही हमखास उलटीपालटी केलेली. मग चर्चमधला मोठा प्रसंग. ‘डायरी’त व्यसनात हरवलेली ब्रायनची बायको गात गात चर्चच्या दारातून आत येते, आणि व्हीलचेअरला खिळलेला तो दगाबाज नवरा पावलं टाकायला लागतो. त्यानंतर क्षमा, आणि लग्न.

शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. समीक्षक याला दोष म्हणतो. पण कीर्तनाला बसलेल्या माणसाला गोष्टीचा शेवट ठाऊक नसतो का? द्रौपदीला वस्त्रं मिळणार हे त्याला माहीत असतं. बुवा तिथवर कसे नेतात आणि आपल्या डोळ्यांत पाणी कधी येतं, एवढ्यासाठी तो बसलेला असतो. पेरीच्या सिनेमाचा प्रेक्षक तसाच बसतो, फक्त गप्प बसत नाही. कृष्णवर्णीय चर्चमध्ये पाद्री एक ओळ म्हणतो आणि सभा तिला उत्तर देते. थिएटरातही तेच चालतं. ‘अगं, नको जाऊस त्याच्याकडे!’ असं कोणी ओरडतं, मागून कोणी ‘आमेन’ म्हणतं. प्रदर्शनाआधीच्या रिकाम्या, शांत खेळात बसून हा सिनेमा पाहणं म्हणजे भजन नुसतं वाचण्यासारखं. पेरीने पुढे बरेच सिनेमे समीक्षकांना आधी दाखवलेच नाहीत, यात चिडही असेल आणि हिशेबही.

[दृश्य: जुनी भित्तिपत्रकं. काळा रंग फासलेले चेहरे, पांढरे रंगवलेले ओठ.]

पण सगळ्यांत जिव्हारी लागणारी टीका गोऱ्यांकडून आलेली नाही. 2009 मध्ये कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक लीने या कामाला उघडउघड विदूषकी म्हटलं, आणि तेही कृष्णवर्णीयांसाठीची जुनी वांशिक शिवी वापरून. त्या शिवीमागे ही चित्रं आहेत: एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवायचे आणि थिएटरं भरायची. झगा घातलेला, आरडाओरडा करणारा काळा पुरुष पाहिला की लीसारख्याला ते आठवतं. आपण आपापसांत हसतोय ते ठीक, पण शेजारच्या रांगेतला गोरा कशाला हसतोय, हा त्याचा प्रश्न. 2011 मध्ये पेरीने पत्रकारांसमोर उत्तर दिलं: स्पाइक लीने सरळ नरकात जावं.

दोघांपैकी एकालाच खरं ठरवायचा मोह मला होत नाही. लीचा धसका इतिहासातून आला आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण 2006 च्या ‘मडीयाज फॅमिली रियुनियन’मध्ये सिसिली टायसन आणि माया अँजेलो आहेत. आयुष्यभर तोलूनमापून भूमिका निवडणाऱ्या टायसनबाई आणि कवयित्री अँजेलो. आपण कुठे उभ्या आहोत हे त्यांना कळत नव्हतं असं कसं म्हणायचं?

मला खुपतं ते वेगळं. पेरीचा प्रेक्षक मुख्यतः बायकांचा, आणि त्याच्या सिनेमात शिक्षाही पुन्हा पुन्हा बायकांनाच होते. शिकलेली, मोठ्या पगाराची, स्वतःच्या मर्जीने वागणारी बाई दिसली की समजावं, हिचं काही खरं नाही. 2013 च्या ‘टेम्प्टेशन’मध्ये नवऱ्याला सोडून श्रीमंत माणसाकडे गेलेल्या नायिकेच्या वाट्याला शेवटी एचआयव्ही येतो. शेवटच्या दृश्यात ती लंगडत चर्चकडे जाते. पापाचं फळ म्हणून आजार! कृष्णवर्णीय बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त असलेल्या देशात हे चर्चच्या नावाखाली दाखवायचं. यावर सगळ्यांत कडवट लिहिलं ते कृष्णवर्णीय बायकांनीच. त्यांतल्या कितीतरी जणी मडीयाची वाक्यं तोंडपाठ असलेल्या. चाहते एकीकडे आणि विरोधक दुसरीकडे, अशी सरळ वाटणी इथे होत नाही. एकाच घरात, एकाच सोफ्यावर, एकाच बाईच्या मनात दोन्ही मतं नांदतात.

आणि विगांचं काय? ही तक्रार तर घराघरांत आहे. पेरीच्या पात्रांचे विग हा समाजमाध्यमांवरचा कायमचा विनोद. केसांची निगा ही जिथे पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे, तिथे हे फार लागतं. कारण उघड आहे, घाई. पटकथा तोच लिहितो, दिग्दर्शन तोच करतो, लेखकांचा ताफा नाही, आणि हे तो अभिमानाने सांगतो. 2020 चा ‘अ फॉल फ्रॉम ग्रेस’ हा त्याचा थरारपट पाच दिवसांत चित्रित झाला. प्रेक्षकांनी तो थांबवून थांबवून पाहिला आणि हॉटेलच्या दृश्यात मागे बसलेला एक माणूस शोधून काढला. तो रिकामेच घास खातोय, चवीने. त्या माणसावर लोक आठवडाभर हसले. प्रेमाने हसले की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

[दृश्य: अटलांटा. आकाशातून दिसणारा विस्तीर्ण परिसर, ओळीने उभ्या चित्रीकरण इमारती.]

हा फोर्ट मॅकफर्सन, एके काळचा लष्करी तळ. 330 एकर. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याने ही जागा वापरली होती, हे पेरी आवर्जून सांगतो. आज ती त्याची आहे. 5 ऑक्टोबर 2019 ला इथे 12 चित्रीकरण मंचांचं थाटात उद्घाटन झालं. त्यांना कृष्णवर्णीय कलावंतांची नावं. एक सिसिली टायसनच्या नावाचा, एक सिडनी पॉइटियेच्या. आणि एक स्पाइक लीच्या. ली त्या समारंभाला आलाही होता.

त्याच वर्षी ‘अ मडीया फॅमिली फ्युनरल’ आला होता. आता मडीया पुरे, असं पेरीने सांगून टाकलं होतं. 2022 मध्ये ती परत आली, या वेळी थेट नेटफ्लिक्सवर. जुलै 2025 मध्ये पुन्हा आली, बहामाजमध्ये लग्नाला. तोच झगा, तोच ज्यो, तीच भांडणं.

[दृश्य: घरातला टीव्ही. उजेड भिंतीवर. आवाज फक्त सिनेमाचा.]

आता बस भरून कोणी जात नाही. मडीया वचन चुकीचं म्हणते, आणि खोलीत एकटीच बसलेली कोणीतरी ते मोठ्याने दुरुस्त करते.