काटे खाली बसेपर्यंत

(दृश्य: फ्लीसच्या तुकड्यावर गोळा झालेला हेजहॉग. फुत्काराचा आवाज.)

एवढा फुत्कार टाकणारा हा प्राणी जेमतेम चारशे ग्रॅमचा आहे. आफ्रिकन पिग्मी हेजहॉग. कातडीच्या कडेने फिरणारा एक गोल स्नायू आवळला, की बटव्याचं तोंड नाडीने मिटावं तसं डोकं, पाय, पोट सगळं आत. बाहेर उरतात ते काटे. साळिंदराच्या काट्यांसारखे ते सुटून हातात रुतत नाहीत.

कपाळाकडे बघा. काटे डोळ्यांवर ओढलेत. हात इथेच थांबवायचा.

(दृश्य: झोपायच्या पिशवीत टी-शर्ट सरकवणारे हात.)

याची नजर अधू, नाक मात्र तिखट. म्हणून ओळख वासाने करून द्यायची. रात्रभर अंगात असलेला, न धुतलेला सुती टी-शर्ट त्याच्या पिशवीत ठेवा. सुटे धागे आधी कापा; पायाला गुंडाळले तर बोट जातं. हातमोजे शक्यतो नकोतच. मोज्याला तुमचा वास येत नाही, मग ओळख कोणाशी होणार?

(दृश्य: ओंजळीत उचलणं, जवळून.)

दोन्ही हात बाजूंनी, पोटाखाली. वरून कधीच नाही. आफ्रिकेत वरून येतं ते घुबड. संध्याकाळ उलटल्यावर, मंद दिव्यात, रोज अर्धा तास मांडीवर. कुरवाळायची घाई नको, नुसतं बसू द्या. चावला तर बहुधा बोटांना खाण्याचा वास असतो. हात झटकू नका आणि लगेच पिंजऱ्यातही ठेवू नका, नाहीतर चावलं की सुटका होते हे तो पक्कं शिकतो. काहींचे काटे आठवड्यात खाली बसतात, काहींना महिने लागतात.

(दृश्य: तोंडाला फेस, मान वळवून पाठ चाटणं.)

हा पिसाळलेला नाही. नवा वास मिळाला की ती वस्तू चघळायची, फेस करायचा आणि काट्यांवर फासायचा. सगळेच करतात.

(दृश्य: पिंजरा, थर्मोमीटर, चाक.)

पिंजऱ्यात २४ ते २७ अंश सेल्सिअस हवेत. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेला. सेन्सर खाली, त्याच्या पाठीच्या उंचीला. पारा २० च्या खाली गेला की हा शीतनिद्रेत जाऊ पाहतो, आणि ती त्याला झेपत नाही. पोट गार, चाल झोकांड्या खाणारी दिसली, तर शर्टाच्या आत अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या. गरम पाण्यात बुडवू नका. मग थेट डॉक्टर.

चाक सलग पृष्ठभागाचं, निदान २८ सेंटिमीटर व्यासाचं. जाळीच्या चाकात पाय अडकून मोडतो. धावता धावता तो शी करतो, त्यामुळे चाक रोज धुणं आलंच.

खाणं: कमी चरबीचं मांजरांचं कोरडं खाद्य, दिवसाला एक-दोन मोठे चमचे, जोडीला थोड्या मीलवर्म अळ्या. दूध नाही. देवदाराचा भुसाही नाही, श्वासाला बाधतो.

सॅल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूमुळे दरवेळी साबणाने हात धुवायचे, पापे घ्यायचे नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्निया, जॉर्जिया, हवाई, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क शहरात पाळायला बंदी आहे. भारतातले रानातले हेजहॉग तर पकडायचेच नाहीत.

(दृश्य: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, वर वाडगा, वाडग्यात हेजहॉग.)

दर आठवड्याला वजन, वहीत नोंद. आजार लपवण्यात हा पटाईत. पहिल्यांदा बोलतो तो काटा.