तीस हजार पौंडांची रेघ

(दृश्य : थेम्स नदीच्या काठावरील वेस्टमिन्स्टरची इमारत. सकाळची वेळ.)

ब्रिटनमधील आयकर हा कायद्याच्या दृष्टीने आजही तात्पुरता कर आहे. दरवर्षी 5 एप्रिलला त्याची मुदत संपते, आणि संसदेने नवे वित्त विधेयक मंजूर करून तो पुन्हा बसवला नाही, तर सरकारला तो वसूल करण्याचा अधिकार उरत नाही. फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी पंतप्रधान धाकट्या विल्यम पिट यांनी 1799 मध्ये तो लागू केला. युद्ध संपल्यावर, 1816 मध्ये, हाऊस ऑफ कॉमन्सने सरकारचे म्हणणे झुगारून तो रद्द केला. आणि 1842 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी तीन वर्षांपुरता म्हणून तो परत आणला, तो काही अद्याप गेलेला नाही.

दरवर्षी नव्याने मंजुरी घ्यावी लागत असल्यामुळे कोणाकडून किती कर घ्यायचा आणि कोणाला कशात सूट द्यायची, हे प्रश्न खासदारांना दरवर्षी विचारता येतात. त्यांतला एक प्रश्न दिसायला लहान आहे, पण ज्याच्यावर प्रसंग ओढवतो त्याच्या दृष्टीने तो फार मोठा असतो. माणसाला कामावरून कमी केले आणि जाताना त्याच्या हाती एकरकमी भरपाई ठेवली, तर त्या पैशावर आयकर लागावा का? आणि लागायचा असेल, तर कोणत्या रकमेपासून?

(दृश्य : न्यायालयाचा जिना; त्यानंतर 1950 च्या दशकातील लंडनमधील कार्यालयांची कृष्णधवल छायाचित्रे.)

1960 पर्यंत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे होते. पगार हा केलेल्या कामाचा मोबदला असतो, आणि नोकरीचा करार मोडल्याबद्दल मिळणारी रक्कम ही हातची गेलेल्या हक्काची किंमत असते, असा भेद इंग्लंडमधील न्यायालयांनी केला होता. 1950 मध्ये ‘हेन्ली विरुद्ध मरे’ या खटल्यात अपील न्यायालयाने हाच भेद मान्य करून एका संचालकाला मिळालेली भरपाई करातून वगळली. तत्त्व म्हणून हा भेद मला आजही पटतो. तथापि त्या काळी आयकराचे वरचे दर अतिशय चढे होते, आणि ज्या रकमेला ‘भरपाई’ असे नाव देता येईल ती करातून सुटत होती. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या संचालकांना निरोप देताना घसघशीत रकमा देण्याची प्रथा पडली. ‘गोल्डन हँडशेक’ हा शब्दप्रयोग याच प्रथेमुळे लोकांच्या तोंडी रुळला.

अर्थमंत्री डेरिक हीथकोट-अॅमोरी यांनी 1960 च्या वित्त कायद्यात ही वाट बंद केली. नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेपैकी 5,000 पौंडांपर्यंतची रक्कम करमुक्त राहील आणि त्यावरील रकमेवर कर लागेल, असे ठरले. त्या वर्षी 5,000 पौंड म्हणजे कारखान्यातील कामगाराची कित्येक वर्षांची मजुरी होती. म्हणजेच ही रेघ आखताना संसदेच्या डोळ्यांसमोर कंपनीचा संचालक होता. कामगार त्या रेघेच्या पुष्कळच खाली होता आणि त्याला तिची झळ लागण्याचे कारण नव्हते. पुढील सगळी हकिकत समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

कामगाराचा विचार पाच वर्षांनी झाला. हॅरॉल्ड विल्सन यांच्या लेबर सरकारात कामगारमंत्री असलेले रे गंटर यांनी आणलेला नोकरकपात भरपाईचा कायदा 6 डिसेंबर 1965 पासून अमलात आला. कामाची गरज संपली म्हणून ज्याला कमी केले जाईल, त्याला नोकरीच्या वर्षांनुसार भरपाई देणे मालकावर बंधनकारक झाले. जुने उद्योग मागे पडत असताना कामगाराने नव्या उद्योगाकडे वळावे आणि त्या मधल्या काळात त्याचे घर उघडे पडू नये, असा त्यामागे हेतू होता. भरपाईचा हिशेब करताना आठवड्याचा पगार जास्तीत जास्त 40 पौंड धरायचा आणि भरपाई अधिकाधिक 30 आठवड्यांच्या पगाराइतकी द्यायची, असा नियम असल्यामुळे कायद्याने मिळणारी सर्वांत मोठी रक्कम 1,200 पौंड होत होती. 5,000 पौंडांच्या रेघेपर्यंत पोचायला ती फार अपुरी होती.

(दृश्य : संसदेतील समितीची खोली. लाकडी बाके, टेबलांवर विधेयकाच्या प्रती.)

यानंतर आली महागाई. 1975 मध्ये ब्रिटनमधील महागाईचा दर 24 टक्क्यांवर गेला. अशा काळात सरकारला कराचा दर वाढवावा लागत नाही. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा आहे तिथेच ठेवली की काम भागते, कारण महागाईमागे पगार वाढतात आणि काल ज्याला कर लागत नव्हता तो आज कराच्या कक्षेत येतो. सभागृहात कोणी हात वर केलेला नसतो, मतदान झालेले नसते, आणि तरीही करवाढ झालेली असते.

1977 च्या वित्त विधेयकाच्या वेळी स्थायी समितीतील दोन खासदारांनी ही गोष्ट धसास लावली. जेफ रूकर आणि ऑड्री वाइज हे दोघेही सत्ताधारी लेबर पक्षाचे मागच्या बाकांवरील सदस्य होते, आणि अर्थमंत्री डेनिस हीली हे त्यांच्याच पक्षाचे होते. वैयक्तिक करमुक्त मर्यादा दरवर्षी महागाई निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढावी, आणि सरकारला ती वाढवायची नसेल तर तसे संसदेत उघडपणे मांडून मंजुरी घ्यावी, अशी दुरुस्ती त्यांनी आणली. त्यांच्या पक्षाचे सरकार अल्पमतात होते. विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने दुरुस्तीला पाठिंबा दिला आणि ती मंजूर झाली. हा पाठिंबा उभा करण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, त्या विरोधी पक्षातील सदस्याचे नाव नायजेल लॉसन होते.

माझ्या मते आयकराच्या इतिहासातील ही सर्वांत प्रामाणिक दुरुस्ती आहे. तिने कर कमी केला नाही, की एखाद्या वर्गाला खास सवलतही दिली नाही. मर्यादा गोठवण्याचा अधिकार सरकारकडे राहिला; मात्र तो वापरताना सभागृहात उभे राहून तसे सांगणे भाग पडले. अर्थमंत्री असताना ऋषी सुनक यांनी 2021 मध्ये करमुक्त मर्यादा 12,570 पौंडांवर गोठवली, पुढील सरकारांनी ती गोठण आधी 2028 आणि मग 2031 पर्यंत लांबवली, आणि या प्रत्येक निर्णयावर देशभर वाद झाला. तो वाद होऊ शकला याचे श्रेय 1977 च्या त्या समितीला द्यावे लागते.

नोकरी गेलेल्या माणसाच्या भरपाईची मर्यादा मात्र या नियमाच्या कक्षेत आली नाही. 1978 मध्ये ती 10,000 पौंड आणि 1981 मध्ये 25,000 पौंड झाली. दोन्ही वेळा सरकारला वाटले म्हणून ती वाढली. ती वाढलीच पाहिजे, असे कायद्यात कुठेही नव्हते.

(दृश्य : 15 मार्च 1988. अर्थसंकल्पाच्या दिवशीचे हाऊस ऑफ कॉमन्स.)

1988 मध्ये तेच नायजेल लॉसन अर्थमंत्री म्हणून अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले. आयकराचा मूळ दर 27 वरून 25 टक्क्यांवर आणि सर्वांत वरचा दर 60 वरून 40 टक्क्यांवर आणत असल्याचे त्यांनी जाहीर केले. भाषण चालू असतानाच स्कॉटिश नॅशनल पार्टीचे तरुण खासदार अॅलेक्स सॅमंड यांनी उभे राहून तीव्र आक्षेप घेतला, आणि त्यांना निलंबित करून सभागृहाबाहेर काढण्यात आले. वरच्या दरातील कपातीच्या घोषणेनंतर तर इतका गदारोळ झाला की अध्यक्षस्थानी असलेल्या हॅरॉल्ड वॉकर यांना बैठक दहा मिनिटे तहकूब करावी लागली. अर्थमंत्र्यांचे भाषण मध्येच थांबवावे लागण्याचा असा प्रसंग वेस्टमिन्स्टरमध्ये क्वचितच येतो.

या सगळ्या गोंगाटात त्याच वर्षीच्या वित्त कायद्यातील 74 व्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेची करमुक्त मर्यादा त्या कलमाने 25,000 वरून 30,000 पौंडांवर नेली, आणि त्याचबरोबर वरच्या टप्प्यांवर मिळणारी अंशतः सूट काढून टाकली. 30,000 च्या आत सगळे करमुक्त आणि बाहेर सगळे करपात्र, असा सुटसुटीत नियम झाला. सुटसुटीतपणा चांगलाच. परंतु मर्यादा महागाईबरोबर हलली पाहिजे हे तत्त्व ज्या माणसाने 1977 मध्ये हिरिरीने मांडले, त्याच माणसाने 1988 मध्ये हा आकडा लिहिताना ते त्याला लावले नाही, आणि खरी गोम इथे आहे.

त्या वर्षी कायद्याच्या हिशेबात आठवड्याचा पगार जास्तीत जास्त 164 पौंड धरला जात होता, म्हणजे कायदेशीर भरपाईची कमाल रक्कम 4,920 पौंड होती आणि करमुक्त मर्यादा तिच्या सहापट होती. एप्रिल 2025 मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये आठवड्याच्या पगाराची ही मर्यादा 719 पौंड झाली, त्यामुळे कमाल भरपाई 21,570 पौंडांवर पोचली. करमुक्त मर्यादा अजून 30,000 वरच आहे, आणि आता ती कमाल भरपाईच्या दीडपटसुद्धा भरत नाही.

(दृश्य : टेबलावर एक पाकीट. त्यातून काढलेला हिशेबाचा कागद.)

हा फरक कागदावर कसा उतरतो, ते 2025 च्या आकड्यांवर बेतलेल्या एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. बावन्न वर्षांची एक कामगार स्त्री आहे, एकाच कारखान्यात तिची चोवीस वर्षे गेली आहेत, आणि तिचा आठवड्याचा पगार 719 पौंडांहून थोडा अधिक आहे. कायदा अखेरची वीस वर्षेच मोजतो. वयाच्या एक्केचाळीसनंतरच्या अकरा वर्षांसाठी प्रत्येकी दीड आठवडा आणि त्याआधीच्या नऊ वर्षांसाठी प्रत्येकी एक आठवडा धरला, की साडेपंचवीस आठवडे होतात. कायदेशीर भरपाई 18,334 पौंड 50 पेन्स. कंपनी तिच्या दीर्घ सेवेची दखल घेऊन 26,000 पौंड सानुग्रह रक्कम देते. बेरीज 44,334 पौंड 50 पेन्स. त्यातले 30,000 करमुक्त आहेत आणि उरलेल्या 14,334 पौंड 50 पेन्सवर तिला कर भरावा लागतो. तिच्या नोटीसकाळाचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे याच कागदावर असले, तरी ते वेतन समजले जातात आणि त्यांच्यावर पहिल्या पौंडापासून नेहमीप्रमाणे कर लागतो.

या कागदावरची शेवटची ओळ मला अन्यायाची वाटते. चोवीस वर्षांत जमलेली रक्कम एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते, त्या वर्षी उत्पन्न अचानक फुगते, आणि वर्षाची एकूण कमाई 50,270 पौंडांच्या पुढे गेली तर वरच्या भागावर इंग्लंडमध्ये 40 टक्के दर लागतो. पुढच्या वर्षी कदाचित तिला काहीही उत्पन्न नसेल. कराच्या हिशेबात त्याची दखल कुठेच नाही.

(दृश्य : 2017 मधील हाऊस ऑफ कॉमन्स.)

2017 च्या वित्त विधेयकात हा विषय पुन्हा सभागृहासमोर आला. नोटीसकाळाचा पगार ‘भरपाई’ म्हणून दाखवून करातून वाचवण्याची पळवाट सरकारला बंद करायची होती. ते योग्यच होते. 1960 मध्ये संचालकांना लावलेला न्याय इथेही लागू होतो. वाद पेटला तो दुसऱ्या दोन गोष्टींवर. एक म्हणजे 30,000 पौंडांची मर्यादा नियमावलीद्वारे बदलण्याचा अधिकार अर्थखात्याला दिला जात होता, आणि त्यात ती वाढवण्याबरोबर कमी करण्याचाही अधिकार होता. दुसरी म्हणजे, इजेबद्दलच्या भरपाईला असलेली सूट मानसिक आजाराला लागू राहणार होती, पण नुसत्या दुखावलेल्या भावनांना लागू होणार नव्हती. मर्यादा कमी करण्याचा अधिकार काढून टाकावा आणि कामाच्या जागी भेदभाव सोसलेल्या माणसाची भरपाई करातून वगळावी, यासाठी लेबर पक्षाने दुरुस्त्या मांडल्या. त्या फेटाळल्या गेल्या. मर्यादा खाली आणायची झाल्यास संसदेची संमती लागेल, एवढे संरक्षण कायद्यात राहिले.

नवे नियम 6 एप्रिल 2018 पासून अमलात आले. एप्रिल 2020 पासून 30,000 च्या वरील रकमेवर मालकालाही राष्ट्रीय विम्याचा (सामाजिक सुरक्षेसाठी सरकारला द्यायचा) हप्ता भरावा लागतो, आणि एप्रिल 2025 पासून त्याचा दर 15 टक्के आहे. साहजिकच सानुग्रह रक्कम ठरवताना मालक हा हप्ता आधी हिशेबात धरतो, आणि रेघेच्या वर दिलेला प्रत्येक पौंड दोन्ही बाजूंनी कापला जातो.

मर्यादा बदलण्याचा अधिकार अर्थखात्याच्या हाती आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, आणि ती वाढवायला कोणाचा विरोध होण्याचेही कारण नाही. वैयक्तिक करमुक्त मर्यादा वाढवायची नसेल तर सरकारला दर वेळी संसदेपुढे उभे राहून तसे सांगावे लागते. या मर्यादेबद्दल असे कोणालाच काही सांगावे लागत नाही, आणि 2003 च्या आयकर कायद्याच्या 403 व्या कलमात लॉसन यांचा 1988 चा आकडा आजही तसाच छापलेला आहे.