बैठकीतले वजन

वेर्णा आणि कुंडईचे कारखाने, पणजीतील कार्यालये, किनारपट्टीवरची हॉटेले अशा निरनिराळ्या ठिकाणी जबाबदारीची पदे सांभाळणारी मंडळी आज येथे जमली आहेत. बढतीच्या वेळी तुमच्यापैकी काहींनी एक शेरा नक्कीच ऐकला असेल: काम उत्तम आहे, पण छाप पडत नाही. हा शेरा ऐकला की माणूस आवाज, पेहराव आणि इंग्रजी उच्चार यांच्या मागे लागतो. माझे म्हणणे असे आहे, की नेतृत्वाची छाप मुख्यतः विषयावरील पकडीतून आणि कसोटीच्या वेळच्या वागण्यातून पडते.

प्रशिक्षणवर्गांत एक सूत्र हमखास ऐकवले जाते: बोलण्याच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के. त्याचे मूळ मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील संशोधनात आहे. पण तेथे प्रश्न एवढाच होता, की सुटे शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे की नावड, हे ऐकणाऱ्याने कशावरून ओळखले. सर्व प्रकारच्या बोलण्याला हे सूत्र लावू नये, असे मेहराबियन यांनी स्वतःच बजावले आहे. छाती पुढे काढून, हात पसरून दोन मिनिटे उभे राहिल्याने शरीरातील संप्रेरके बदलतात, हा २०१० मधील गाजलेला निष्कर्षही २०१५ मध्ये मोठ्या गटावर केलेल्या प्रयोगात टिकला नाही, आणि त्याच्या मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये त्यावरचा आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. अशा पायावर उभे असलेले प्रशिक्षण आपण पैसे मोजून घेतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेहराव नीटनेटका असावा, एवढे पुरे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायांत चपला अशा वेषात मनोहर पर्रीकर राज्यकारभाराच्या बैठका घेत, हे गोव्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे.

खरी परीक्षा वाईट बातमी सांगताना होते. समजा, औषधाची एक बॅच गुणवत्ता तपासणीत नापास झाली आणि माल पाठवण्याची तारीख तोंडावर आली आहे. एक व्यवस्थापक घटनेचा सारा इतिहास सांगत बसतो, आणि त्या ओघात दोष कोणाचा हेही सुचवून जातो. दुसरा पहिल्याच वाक्यात सांगतो, की माल ठरल्या दिवशी जाणार नाही; मग निश्चित काय कळले आहे, कशाचा शोध चालू आहे आणि पुढची माहिती कधी मिळेल, हे तो क्रमाने मांडतो आणि थांबतो. त्या शांततेत अवघड प्रश्न येतात, तेव्हा तो घाईने उत्तर रेटत नाही. हा संयम आदल्या संध्याकाळच्या तयारीतून येतो: आकडे स्वतः तपासलेले असतात, आणि आपल्या मांडणीतली कच्ची बाजू दुसऱ्याने दाखवण्याआधी आपणच शोधलेली असते.

आपल्याकडे याला भाषेचा एक पदर आहे, आणि त्यावर थोडे थांबलेच पाहिजे. यंत्रापाशी कोंकणी चालते, परराज्यांतून आलेल्या कामगारांशी हिंदी, आणि बैठकीचे दार बंद झाले की इंग्रजी. सत्तरी किंवा पेडण्यातून मराठी माध्यमात शिकून आलेला अभियंता, ज्याला यंत्रातला बिघाड सर्वांत आधी कळलेला असतो, तो तेथे गप्प बसतो. अशा वेळी त्याच्याकडे वळून ‘तुम्ही कोंकणीत किंवा मराठीत सांगा, बाकीच्यांना मी समजावतो’ असे म्हणणारा प्रमुख माझ्या दृष्टीने खरा वजनदार. असा प्रमुख सर्वांत कमी बोलला तरी निर्णय त्याच्याच भोवती आकार घेतो, कारण खरी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचते.

‘छाप पडत नाही’ या शेऱ्याआड पूर्वग्रहही लपतात. ठामपणे बोलणाऱ्या पुरुषाला खंबीर आणि तसेच बोलणाऱ्या स्त्रीला उद्धट म्हटले जाते; गावाकडचा हेल ऐकून माणसाची बुद्धी जोखली जाते. म्हणून वरिष्ठांनी हा शेरा मोघम देऊ नये, आणि ज्यांना तो मिळतो त्यांनी नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे: कोणत्या बैठकीत, कोणत्या मुद्द्यावर माझे बोलणे कमी पडले, आणि पुढच्या बैठकीत तुम्हाला माझ्याकडून नेमके काय अपेक्षित आहे?